दोन बहिणींची मुलं

‘कझन’ हा शब्द आमच्या मांद्र्याच्या घरात आला तो माझ्याच हस्ताक्षरात. त्याआधी घरातली माणसं सांगायला आम्हाला तो कधी लागला नव्हता. आई, बाबा, सगुणदादा, ताई आणि मी, अशी पाच ताटं मांडली जात, आणि सगुणदादा पाळीच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायला लागल्यापासून आठवडाभर चार. शनिवारी संध्याकाळी तो यायचा तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या घड्यांत लाल माती बसलेली असायची. आई न्हाणीत कढत पाणी काढून ठेवायची. तो न्हायला बसला की मोरीतून माडाच्या आळ्यापर्यंत लाल ओघळ जायचा, आणि ताई म्हणायची, “आमच्या माडाक एक दिवस लोखंडाचे नारळ लागतले.” मग दादा साखळीच्या बाजारातून आणलेली खाज्याची पुडी तिच्या डोक्यावर ठेवायचा आणि ती पुडी तशीच तोलत ती चुलीपर्यंत चालत जायची. वीस वर्षांची बाई होती ती तेव्हा, पण तो आला की असं काहीतरी करायची.

सगुणदादा माझ्या मावशीचा मुलगा. हे गावाला माहीत होतं आणि दादालाही माहीत होतं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. मावशी आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. ती तापाने गेली तेव्हा दादा अडीच वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी सहा महिन्यांत दुसरं लग्न केलं, आणि आई, जिच्या स्वतःच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, तेरेखोलच्या नदीपलीकडच्या आपल्या माहेरी गेली आणि परतताना केरीच्या होडीतून त्याला कडेवर घेऊन आली. बाबांना तिने आधी विचारलं नव्हतं. बाबांनीही दारात पाहून एवढंच विचारलं म्हणे, की पोर जेवलाय काय. पुढच्या वर्षी ताई झाली आणि तिच्यानंतर सहा वर्षांनी मी. म्हणजे मी या घरात आलो तेव्हा ती दोघं इथली जुनी रहिवासी होती. भाऊबीजेला ताई आधी दादाला ओवाळायची, मग मला. पाट मात्र दोन मांडलेले असत, आणि माझा पाट दादाच्या पाटापासून किती इंच मागे आहे हे मी पाहून ठेवत असे.

बाबा पोस्टात होते. पाकिटावर जे लिहिलंय तेच खरं मानायची त्यांना सवय. दादाला शाळेत घातलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, बापाच्या नावाच्या जागी तुमचंच नाव टाकू, पुढे सोपं जाईल. बाबा म्हणाले, “त्याचो बापूस जिवंत आसा. त्याचा नाव काढून घेवचो हक्क माका नाय.” त्यामुळे दादाचं आडनाव आमच्यापेक्षा वेगळं राहिलं. मी बाबांवर गेलो आहे असं सगळे म्हणत. मला तक्त्यांची हौस होती. कुठल्या झाडाला किती आंबे, पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा रोज किती वाजता ऐकू येतो, चोपड्याची फेरीबोट शिवोलीच्या धक्क्याला टेकायला किती मिनिटं घेते, हे सगळं मी पट्टीने रेघा मारलेल्या कागदांवर उतरवत असे. आज जमीन मोजणीच्या खात्यात माझी नोकरी संपत आली आहे, तेव्हा ती हौस अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

नववीत इंग्रजीच्या मिसनी आम्हाला आपापल्या कुटुंबाचा तक्ता करून आणायला सांगितला: नाव, वय, नातं. मिस शिवोलीहून रोज फेरीबोटीने यायच्या, शिकवायच्या इंग्रजीत आणि समजावायच्या कोंकणीत. माझा तक्ता वर्गात सर्वांत सुबक होता. दादाच्या नावापुढे त्यांची पेन्सिल थांबली.

“हो भाव? मग आडनांव वेगळें कशें?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग हो ब्रदर न्हय रे. इंग्लिशींत ब्रदर म्हणजे एका आवयच्या पोटचो. हो कझन.” आणि त्यांनी माझ्या शब्दावर तांबडी रेघ मारून वर तो शब्द लिहिला.

मला ते पटलं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं मी लोकांना असं सांगत आलो की मिसनी मला ते लिहायला लावलं. मला ते पटलं होतं, इतकंच नव्हे, थोडं बरंही वाटलं होतं. दोन पाटांमधलं अंतर कुणीतरी पहिल्यांदा नीट मोजलं, आणि ते माझ्या बाजूने निघालं, असं काहीतरी. मी घरी येऊन तक्ता जाड कागदावर पुन्हा केला, सगळी नाती छापल्यासारख्या अक्षरांत लिहिली आणि रेडिओच्या वर भिंतीला खळीने चिकटवला.

शनिवारी दादाने पाहिला. तो सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायचा. “ह्या काय लिवलंस माज्या नावाफुडे?”

“कझन. म्हणजे मावसभाऊ. आणि चुलतभाऊ पण. मामेभाऊ, आतेभाऊ, सगळ्यांना तेच.”

“सगळ्यांक एकच?” तो पंचाने केस पुसत म्हणाला. “मगे ह्या इंग्रजांका लग्नात कोणाच्या पायां पडूचा आणि कोणाची थट्टा करूची ता समाजता कसा?” ताई हसली, मीही हसलो. तो शब्द घरात आला तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्याकडे माणसं कुठली, भाषा कुठली, यावरून बोलणी फार चालत. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा नुकताच झाला होता, आणि गोव्याचं वेगळं राज्य होणार, होणार अशी बातमी रेडिओवर रोज येत होती. आंदोलनात रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं बाजूला ओढली होती, पण बुंधे तसेच होते आणि बस त्यांना वळसे घालत जायची. दुकानात, होडीत, देवळाच्या पायरीवर जो तो आवाज चढवून बोलायचा, आणि बोलून झाल्यावर आपण कुणासमोर बोललो हे वळून पाहायचा. आमच्या घरी मराठी वर्तमानपत्र येई, आरती मराठीत होई, आणि भांडणं मात्र घरच्या बोलीत. बाबांचे थोरले भाऊ, डिचोलीचे आबाकाका, मराठीच्या बाजूने सभांतून बोलायचे. फार शुद्ध बोलायचे. रागावले की कोंकणीत शिरायचे, आणि त्यांना ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

ताईचं, म्हणजे शालनचं, स्थळ आबाकाकांनीच आणलं. मुलगा डिचोलीचा, सरकारी दवाखान्यात औषधं देणारा, शांत, घरचं बरं. लग्न शिमग्याच्या आधी, आमच्या अंगणात माटव, म्हणजे मांडव, घालून. घरात एकदम गर्दीचे आवाज सुरू झाले: मसाला कांडण्याचा, माटवाचे खांब पुरायला खणायचा, आईने दिवसातून चारदा पातेली मोजून पुन्हा एकात एक घालण्याचा. लग्नाला अडीच आठवडे राहिले असताना एका रविवारी आबाकाका कुणी काय करायचं ते ठरवायला आले. ते ओसरीवर कदेलीत, बाबांच्या खुर्चीत, बसले, बाबा समोर बाकावर, आणि कागद-पेन्सिल घेऊन मी. कुणी भटजींना आणायचं, कुणी वरातीला सामोरं जायचं, एकेक नाव ते सांगत आणि मी लिहीत होतो. ‘लाह्या’ असं आलं तेव्हा मी न विचारता दादाचं नाव लिहिलं. आमच्याकडे होमाच्या वेळी वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत तीनदा लाह्या घालतो, त्या ती अग्नीला देते. मग तोच भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, की बहिणीला नीट सांभाळ. ताईसाठी हे दादा करणार, हे मला पाऊसपाण्याइतकं ठाऊक होतं.

“वाचून दाखव,” काका म्हणाले. मी वाचलं.

“सगुण? सख्खो भाव घरांत आसताना?”

बाबा म्हणाले, “शालनक तेनीच खांद्यार घेतल्यान लहानपणी. सगळ्यांका ठावक आसा...”

“तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. व्याह्यांना काय ठाऊक? अनंता, हल्ली माणूस पहिलं विचारतो ते हेच, कोण कुठला. गोत्र वेगळं, आडनाव वेगळं, गाव नदीच्या पलीकडे. माटवात कुणी विचारलं, तर मी काय सांगू? स्थळ मी आणलंय.” मग त्यांची नजर रेडिओच्या वर गेली. ते उठून जवळ गेले, चष्मा लावला. “हें कोणें बरयलां? कझन म्हणजे काय रे?”

मी वर्गात उत्तर द्यावं तसा उभा राहिलो. “एका आईचा नव्हे तो. सख्खा नव्हे तो.”

“बघ,” काका बाबांना म्हणाले, “तुझ्या घरच्या भिंतीवर लिहिलंय.”

मागे धप्प असा आवाज झाला. दादा परसातून नारळांचं पोतं घेऊन आला होता आणि ते त्याने उंबऱ्यात ठेवलं होतं. किती वेळ तो तिथे होता मला माहीत नाही. त्याने काकांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “बरोबर लिवलाहा तेनी,” तो म्हणाला. “चुको करूची सवय नाय तेका.” आणि नारळ ओतून मोकळं पोतं झटकत मागे गेला.

मी पट्टी लावून त्याच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि पुढे माझं नाव लिहिलं. पत्रिकेतही ‘वधूचा भाऊ’ म्हणून माझंच नाव छापायचं ठरलं. आई चहा घेऊन आली. काकांपुढे बशी ठेवताना ती पदर सावरत हळूच म्हणाली, “भावोजी, बघून घेवा. चाय पण पलीकडच्याच हातची आसा.” काकांनी एकदा बशीकडे पाहिलं. चहा मात्र प्याले.

पुढच्या शनिवारी दादा आला नाही. आईने पाणी तापवलं, ते निवलं, पुन्हा तापवलं, आणि मग त्या पाण्याने भांडी घासली. त्याच्या पुढच्या शनिवारपर्यंतचे दिवस मला आजही एकेक करून सांगता येतात, कारण त्यांतल्या एकाही दिवशी मी कुठे धड बसलो नाही. पुस्तक उघडायचो आणि उठायचो. बसची वेळ झाली की तिठ्यापर्यंत जायचो; घरापासून सातशे चाळीस पावलं, परत सातशे चाळीस. खाणीवरून कुणी आलं असेल तर विचारायचो. एकाने सांगितलं, सगुण जास्तीच्या फेऱ्या मारतो. दुसऱ्याने सांगितलं, ट्रकातच झोपतो. ताई मला काही बोलली नाही. ती खोबरं किसायची, कपड्यांच्या घड्या घालायची, आणि मी खोलीत आलो की हातातलं काम उचलून दुसऱ्या खोलीत जायची. मी तक्ता फाडून काढला. भिंतीवर खळीचे चार डाग राहिले. ते घासले तर चुना निघाला. आईने मागून पाहिलं आणि म्हणाली, “ऱ्हवांदे आता. भिंत कशाक खरवडतंस?”

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मिसना गाठलं. त्या बसच्या घाईत होत्या. मी विचारलं, हा शब्द कोणी केला? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मी सगळं सांगितलं. फार नीट सांगितलं नसणार, कारण मध्येच त्यांनी पिशवी खाली ठेवली. “तुवें घरांत लायलो तो चार्ट?” त्या म्हणाल्या. “अरे देवा.” त्या मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेल्या आणि कपाटातून दोन्ही हातांनी उचलावा लागणारा शब्दकोश काढला. बस गेली. त्या बोट फिरवत वाचत होत्या आणि मला सांगत होत्या. शब्द फ्रेंचांकडून आलेला, फ्रेंचांनी लॅटिनमधून घेतलेला. लॅटिनमध्ये त्याचे दोन भाग: एक ‘सोबत’, आणि दुसरा ‘बहीण’ या शब्दापासून झालेला. मुळात तो शब्द सगळ्या चुलत-मामे भावंडांचा नव्हताच. दोघी बहिणींच्या पोटच्या मुलांनी एकमेकांना म्हणायचा तो शब्द. पुढे लोकांनी तो सगळ्यांनाच लावून सैल केला. “आमगेर पोर्तुगीजींत प्रिमु म्हणटात,” मिस म्हणाल्या. “तोय हांगाचोच. त्या लॅटिन शब्दाफाटल्यान ‘पयलो’ म्हूण लायताले, म्हणजे लागींचो, जवळचो. मूळ शब्द पडलो आनी ‘पयलो’ तितलो उरलो.”

पुढे मी तीन वेगवेगळ्या कोशांत हे पडताळून पाहिलं. मिसनी सांगितलं ते बरोबर होतं. माझ्या मुलीच्या फोनवर ‘कझन्स’ नावाचा एकतीस जणांचा गट आहे. त्यात तिची आते, मामे, चुलत, झाडून सगळी भावंडं आहेत, दोघांचं एकमेकांशी नक्की काय नातं हे त्यांना सांगता येत नाही, आणि त्यांचं काही अडतही नाही. मी एकदा तिला या शब्दाचं मूळ सांगायला बसलो. ती म्हणाली, “बाबा, मस्त आहे,” आणि पुन्हा टाइप करू लागली. त्या गुरुवारी मात्र मी ते मूळ कागदावर उतरवून घेतलं तेव्हा मला वाटलं, सगळं मिटलं. चूक शब्दाची नव्हतीच, अर्धवट वाचण्याची होती. पुरा शब्द दादापर्यंत पोचवला की झालं.

शनिवारी सकाळी मी आईला सांगितलं, दादाकडे जातो. तिने उंडे पाव आणि सुक्या सुंगटांची, कोलंबीची, किसमूर केळीच्या पानात बांधून दिली. बाबांनी मला हाक मारली. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे बसच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या: चोपडे, शिवोली, म्हापसा, डिचोली, साखळी, पाळी. जाण्याच्या आणि येण्याच्या. “शेवटची चुकवू नको,” एवढंच म्हणाले.

पाळीला उतरलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. रस्ता लाल, झाडं लाल, झाडांवरचे कावळेसुद्धा पाठीवर लाल. भरलेले ट्रक एकामागे एक उभे होते आणि त्यांच्या इंजिनांच्या घरघरीत माणसं ओरडून बोलत होती. दादा एका ट्रकच्या सावलीत मातीवर बसून चाकाचा नट आवळत होता. मला पाहून तो दचकला. “आई बरी आसा?” हे पहिलं. मग, “ताई?” मग पान उघडून त्याने उंडा मोडला आणि अर्धा मला दिला.

मी कागद काढला. ट्रकांच्या आवाजावरून ओरडत मी त्याला लॅटिन समजावलं. सोबत, आणि बहीण. दोघी बहिणींची मुलं. म्हणजे तो शब्द तू नि मी यांच्यासाठीच होता, बाकीच्यांसाठी नव्हताच. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, कागद हातात घेतला. त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा कागदावर उमटला.

“बरा आसा,” तो म्हणाला. “आता ह्या लाटीन कोणाक दाखवू? तुज्या काकाक?”

मी हातातल्या अर्ध्या उंड्याकडे पाहिलं.

“मी रागान ऱ्हवलंय असा वाटता तुका?”

“हो.”

“पयले दोन दीस रागान होतंय. खोटा कशाक बोलू? मगे इचार केलंय. काका बोलता ता बोलता. मी थंय उबो ऱ्हवलंय, आणि व्याह्यांतल्या कोणी इचारल्यान, ह्यो कोण, आणि काकान चार माणसांत तोंड वाकडा केल्यान, तर लोक माका बघूचे नाय. ताईक बघतले. तिका जल्मभर थंय ऱ्हवूचा आसा.” त्याने उंड्याचा तुकडा तोंडात टाकला. “लग्नाक येतलंय. रांदपाकडे ऱ्हवतलंय. माटवात माका कोणी बोलवूचा नाय. तू पण नाय. सांग.”

मी ‘बरं’ म्हणालो. मग तो म्हणाला, “लाह्या कशे घालूचे, म्हायत आसा तुका?” मला नव्हतं माहीत. त्याने ट्रकखालचे बारीक खडे ओंजळीने उचलले आणि मला हात पसरायला लावले. आधी दोन थेंब तूप, मग लाह्या, एकदम नाही, बोटांच्या फटीतून, मग पुन्हा तूप, असं तीनदा. तीनदा त्याने माझ्या हातांत खडे घातले, तीनदा मी ते खाली टाकले. हे सगळं त्याला कुणी शिकवलं होतं, केव्हा शिकवलं होतं, मी विचारलं नाही. शेजारच्या ट्रकातून एक ड्रायव्हर, बेळगावकडचा, डोकं बाहेर काढून म्हणाला, “काय सगुण, लगीन लावतोयस का खडीचं?” दादा हसला. माझ्या तळहातांचा लाल रंग म्हापशाला नळावर धुतला तरी गेला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो आला, न्हायला, आणि सरळ घरामागच्या चुलवणांकडे गेला. आबाकाका त्याला पाहून समाधानाने मान हलवून गेले. लग्नाच्या दिवशी खतखत्याचा, लग्नाच्या मिसळ भाजीचा, वास माटवभर होता. मला नवा पांढरा शर्ट होता, त्याची कॉलर टोचत होती. व्याही मंडळी पुढच्या खुर्च्यांत, मधोमध नवऱ्याचे वडील, उंच, हळू बोलणारे. मंगलाष्टकं झाली, होम पेटला, आणि भटजी म्हणाले, “वधूचा भाऊ कोण? पुढे या.”

मी लाह्यांचं सूप घेऊन उभा राहिलो. ताईने हात पुढे केले होते, पण तळहात एकमेकांना घट्ट जुळलेले, नमस्काराला जुळावे तसे. भटजी म्हणाले, “बाये, ओंजळ उघड.” तिने उघडली नाही. “उघड गो बाये, विस्तव वाट बघत नाही.” दोघं-तिघं हसले. मी वाकलो. मान वर न करता ती मला म्हणाली, “तू नको. दादाक बोलय.”

नवरदेवाने ऐकलं. “काय झालं?” त्याने विचारलं.

“जरा ऱ्हवा,” ताई त्याला म्हणाली. माझ्या समजुतीप्रमाणे ती नवऱ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. तो थांबला.

मी दादाला शब्द दिला होता. तो मी किती सेकंदांत मोडला ते सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच मी काही मोजत नव्हतो. सूप खाली ठेवलं आणि मागे धावलो. दादा डाव घेऊन चुलवणावरच्या मोठ्या भाण्यावर वाकला होता.

“ताई ओंजळ उघडीत नाही.”

त्याच्या कपाळाची शीर उठली. “तुका मी काय सांगितलंलंय?”

“मी काही नाही बोललो. ती बोलली. सगळे थांबलेत.”

त्याने डाव ठेवला, पुन्हा उचलला. “माज्या अंगाक धुराचो वास येता.”

तिथे आई उभी होती. “थंयसर पण धूरच आसा,” ती म्हणाली, आणि तिने आपल्या नव्या लुगड्याच्या पदराने त्याचा चेहरा पुसला, तीन वर्षांच्या पोराचा पुसावा तसा. “चल.”

तो बाह्या खाली ओढत माटवात शिरला तशी बोलणी बंद पडली. आबाकाका पुढे झाले, “अनंता...” एवढंच म्हणाले. नवऱ्याच्या वडिलांनी वळून दादाकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “हे कोण म्हणायचे?”

बाबा होमाच्या पलीकडे बसले होते. मला माझ्या बापाची सवय माहीत होती. खरं सोडून दुसरं काही त्यांच्या तोंडून निघणार नाही, आणि खरी उत्तरं तर कितीतरी होती: बायकोच्या बहिणीचा मुलगा, शालनचा मावसभाऊ, खाणीवर असतो. मी ती मनात एकामागे एक लावत होतो. बाबा उठले. त्यांनी हात जोडले.

“हो आमचो थोरलो,” ते म्हणाले.

“थोरले?” व्याही म्हणाले. “पत्रिकेत नाव दिसलं नाही.”

“नाय,” बाबा म्हणाले. “ती आमची चूक.”

वधूच्या बापाने भर माटवात, व्याह्यांसमोर, चूक कबूल करायची नसते. काकांनी नजर खाली घातली. मी सूप उचलून दादाच्या हातात दिलं. बाबा अजून हात जोडूनच उभे होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, चूक कुणाची. ताईने ओंजळ उघडली.